चामड्याच्या मशीनला काढता-घालता येणारं टेबल: पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

जुलैपासून गणपतीपर्यंत माझ्या मशीनवर ढोलाचे पट्टे असतात. बाकीचं वर्ष बॅगा, बाइकच्या मागे टाकायच्या झोळ्या, सुतार-इलेक्ट्रिशियन मंडळींचे हत्यारांचे पट्टे. पट्टा असो की बॅगेचं गोल बूड, त्याला सिलिंडर आर्मचं मशीनच लागतं, म्हणजे ज्याचा सुईखालचा भाग (आर्म) गोल नळीसारखा अधांतरी पुढे आलेला असतो. पण त्याच मशीनवर लॅपटॉप कव्हरचा दीड फुटी सपाट तुकडा टाका. तो दोन्ही बाजूंनी लोंबतो. डावा हात चामडं उचलून धरण्यात अडकतो, उजवा वळवण्यात, आणि टाक्यांची रांग सापासारखी जाते.

दुसरं सपाट मशीन घ्यायला तेव्हा पैसे नव्हते आणि पुण्यात नऱ्ह्यातल्या माझ्या दहा बाय बाराच्या गाळ्यात जागाही नव्हती. म्हणून टेबल. आजवर तीन बनवली. पहिलं भंगारात गेलं, दुसरं घरी कुंड्यांखाली आहे, तिसरं चार वर्षं चाललंय. तुमचं पहिलंच माझ्या तिसऱ्यासारखं व्हावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

१. आधी मशीन नीट बघा

चामड्याच्या जाड कामाची जी मोठी मशीनं आपल्याकडे दिसतात, त्यातली बरीचशी जुकी या जपानी कंपनीच्या टीएससी-४४१ या मॉडेलवरून काढलेली आहेत. सुई, दात (खालून चामडं ओढणारे) आणि फूट (वरून दाबणारा पाय) तिन्ही एकत्र पुढे सरकतात, खालच्या दोऱ्याची बॉबिन धरणारं शटल आर्मच्या डाव्या टोकाला असतं, सुई ७९४ जातीची लागते. वरून सगळी सारखी दिसतात, पण आर्मची लांबी, जाडी आणि आर्मवरची आट्यांची भोकं एकसारखी असतीलच असं नाही. "४४१ ला बसेल" असं कुणी फोनवर सांगितलं तर मान डोलावू नका.

मी डोलावली होती. तयार टेबल कुरिअरने मागवलं. आलं तेव्हा त्याच्या पट्टीवरची भोकं आणि माझ्या आर्मवरची भोकं यांच्यात जवळजवळ बोटभर अंतर. परत पाठवायचा खर्च माझ्या गळ्यात. त्या टेबलाचे नंतर मी फक्त बोल्ट वापरले.

तेव्हा कागद-पेन्सिल घ्या आणि एवढी मापं लिहून ठेवा:

आर्मची लांबी, म्हणजे मशीनच्या अंगापासून डाव्या टोकापर्यंत. आर्मचा व्यास, टोकाजवळ आणि मुळाशी असा दोन ठिकाणी, कारण काही आर्म मुळाकडे जाड होत जातात. सुईखालच्या प्लेटची रुंदी. प्लेटच्या वरच्या तोंडापासून खाली स्टँडच्या फळीपर्यंतची उंची. आणि शटलचं झाकण पूर्ण उघडल्यावर ते डावीकडे किती बाहेर येतं ते. हे शेवटचं माप सगळे विसरतात. मीही विसरलो होतो.

आता वाकून आर्मखाली बघा. खाली स्टँडची फळी किंवा पत्रा आलाय की सरळ जमीन दिसते? फळी असेल तर काम सोपं, टेबलाचे पाय तिच्यावर उभे राहतील. जमीन दिसत असेल तर एक लांब पाय खाली जमिनीपर्यंत न्यावा लागेल आणि बाकीचा आधार स्टँडच्या चौकटीला लोखंडी अँगल बांधून घ्यावा लागेल. टेबल नुसतं आर्मला लटकवायचा मोह होतो, कारण तिथे आयती भोकं असतात. पाच-सहा किलोची अर्धी शिवलेली बॅग रोज त्या टेबलावर आपटणार, ते सगळं वजन दोन स्क्रूंवर येणार, आणि ते ढिले होणार. शिवाय त्यातली काही भोकं कडेच्या गाइडसाठी, म्हणजे शिवण कडेपासून सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या पट्टीसाठी असतात. टेबल लावलं की गाइड गेलं, असा घाट्याचा सौदा करू नका.

मशीन जुनं घेतलं असेल तर विकणाऱ्याकडून बिल आणि पार्ट्सचं पुस्तक मागून घ्या. पुस्तकात आर्मवरच्या आट्या कोणत्या मापाच्या आहेत ते बहुतेक वेळा सापडतं. मशीनवरच्या नंबरपट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, फॅब्रिकेटर पहिल्यांदा तोच मागतो.

२. गोल आर्म आणि सपाट फळीचं भांडण

ही गोष्ट मला दोन टेबलं वाया घालवल्यावर कळली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेबल म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी फळी. यूचं तोंड मशीनच्या अंगाकडे, आर्म मधल्या खाचेत. सरळ वाटतं. पण आर्म गोल आहे आणि फळीला जाडी आहे. समजा आर्मचा व्यास ८० मिलिमीटर आहे आणि तुम्ही १९ मिलिमीटरचा प्लाय वापरताय. आर्मच्या माथ्यापासून १९ मिलिमीटर खाली गेलं की त्याची रुंदी साधारण ६८ मिलिमीटर भरते. म्हणजे खाच निदान ७० ची हवी. माथ्यापासून ३ मिलिमीटर खाली मात्र तीच रुंदी जेमतेम ३० आहे. खाच ७० ची कापली की सुईच्या प्लेटच्या दोन्ही बाजूंना नाल्या तयार होतात. मऊ चामड्याची कड त्या नालीत उतरते, फूट तिला तशीच पुढे ढकलतं, आणि तुम्हाला वाटतं मशीनचं टायमिंग (सुई-शटलचा मेळ) गेलं.

म्हणून फळीचा वरचा ओठ पातळ आणि प्लेटच्या जितका जवळ जाईल तितका हवा, खालचा भाग आर्मला वाट देत मागे सरकलेला. पहिल्या टेबलाला मी प्लायच खालून ४५ अंशात तासला. ओठ छान निघाला, पण प्लायचे थर सुटे होऊन दोन आठवड्यांत तुकडे पडले. तिसऱ्यात १२ मिलिमीटरचा प्लाय खाली आणि त्यावर ३ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा, पत्रा खाचेत प्लायच्या पुढे आलेला. हे टिकलं.

पत्रा उघडा ठेवू नका. अॅल्युमिनियमवर फिकट चामडं घासलं की राखाडी ओरखडे उठतात. एका क्रीम रंगाच्या पर्सच्या पाठीवर ते उठले आणि ती पर्स आता माझी बायको वापरते. लोखंडी पत्रा तर नकोच. बाभळीच्या सालीत किंवा तशा वनस्पतीच्या अर्कात कमावलेलं चामडं ओलसर असताना लोखंडाला लागलं की काळा डाग पडतो आणि तो जात नाही. पत्र्यावर वरून ०.८ मिलिमीटरचा सनमायका चिकटवा. चकचकीत घ्या, खडबडीत डिझाइनवर चामडं अडतं.

हिशोब करा: १२ अधिक ३ अधिक ०.८, म्हणजे १५.८ मिलिमीटर. सुताराला मिलिमीटरमध्ये सांगून उपयोग नाही. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये मी मिलिमीटर सांगत होतो तेव्हा मिस्त्रींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "सुतात सांगा ना साहेब." इंचाचे आठ सूत. पाच सूत म्हणजे जवळजवळ तंतोतंत १५.८. तेवढ्यात त्यांचा चेहरा खुलला.

३. सामान आणि ते कुठे मिळेल

प्लाय टिंबर मार्केटमध्ये. पूर्ण आठ बाय चारचा शीट तुम्हाला नकोय, दोन फूट बाय वीस इंचाचा तुकडा पुरतो, कापून उरलेल्या तुकड्यांत बघा. बीडब्ल्यूआर ग्रेड मागा, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा. साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) पुण्याच्या पावसाळ्यात फुगतो, आणि या टेबलात अर्ध्या मिलिमीटरचाच खेळ आहे. एमडीएफ स्वस्त मिळतं, पण त्यावर मशीनचं तेल सांडलं की ते स्पंजासारखं पितं. नकोच.

बोल्ट, नट, वॉशर बोहरी आळीत. पत्रा कापायला धायरी-नऱ्हे किंवा भोसरी एमआयडीसीतला कुठलाही लेझर कटिंगवाला. एकच नग म्हटल्यावर काहीजण नाक मुरडतात, त्यांना पत्रा मी आणून देतो म्हणा आणि दुसऱ्याच्या कामाबरोबर उरकायला सांगा. गणपतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत जाऊ नका, कुणी लक्ष देत नाही.

यादी अशी:

- १२ मिमी प्लाय, ३ मिमी अॅल्युमिनियम पत्रा, ०.८ मिमी सनमायका, रबर बेसचं अॅडेसिव्ह
- चार एम-८ बोल्ट, प्रत्येकाला दोन नट, खाली रबरी बूट
- पायांसाठी सागाचे किंवा कडक लाकडाचे चार ठोकळे
- ८ मिमीच्या दोन स्टीलच्या खुंट्या
- फेल्टची पट्टी, एक लहान बिजागरी, एक चुंबकाचा कॅच
- गुण्या, पाणसळ, एक फुटी स्टीलची पट्टी, कानस, पटाशी, ड्रिल, ५ आणि ६ नंबरच्या अॅलन की
- जाड पुठ्ठा, शक्यतो टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्याचा

अॅलन की दोन वेगळ्या का? एम-६ च्या उंच दंडगोल डोक्याच्या (सॉकेट कॅप) बोल्टला ५ ची बसते, एम-८ ला ६ ची. सेटमधली जवळपासची बोटाने चाचपून घातली की बोल्टचं डोकं आतून गोल होतं. मग ते काढायला वेल्डरकडे जावं लागतं.

४. प्लग काढा

हा वेगळा टप्पा म्हणून मुद्दाम लिहितोय. एकदा मोटर चालू ठेवून मी टेबल खाचेत सरकवत होतो. वाकलेला होतो, गुडघा पेडलवर गेला. सुई माझ्या अंगठ्यापासून इंचभरावर प्लायमध्ये घुसली आणि तिथेच तुटली. या मशीनची सुई हाड असलं तरी थांबत नाही.

बटण बंद करणं पुरेसं नाही. सर्वो मोटरच्या डब्यात बटण बंद केल्यावरही थोडा वेळ करंट राहतो. प्लग काढा, हात बाजूला ठेवून पेडल एकदा दाबा, मशीन निपचित आहे याची खात्री करा, मग हात घाला. सुई काढून ठेवा. फूट वर उचला.

५. पुठ्ठ्याचा साचा

पुठ्ठ्यावर यू आखा आणि कापा. खाच आधी लहान ठेवा आणि आर्मवर ठेवून ठेवून कातरत जा. पुठ्ठ्याची तीन खोकी वाया गेली तरी चालेल. पत्रा चुकला तर रडाल.

साचा बसला की मशीनचं चाक हाताने पूर्ण फिरवा. टाक्याची लांबी सगळ्यात मोठी ठेवून फिरवा, कारण दात आणि फूट तेव्हाच सगळ्यात लांब जातात. फुटाची डावी-उजवी बोटं पुठ्ठ्याला लागत नाहीत ना? शटलचं झाकण उघडा. बॉबिन काढून परत घाला, तेही तुमच्या नेहमीच्या हाताने. कडेचं गाइड खाली पाडून बघा. दोऱ्याची वाट, दिव्याची दांडी, फूट उचलायची साखळी, सगळं हलवून बघा. साखळी पाठीमागच्या कोपऱ्यात घासते हे मला पुठ्ठ्यावरच कळलं आणि तो कोपरा मी गोल केला.

खाच आणि आर्म यांच्यात चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. चिकटून बसवलं की मशीन चालताना टेबल ताशासारखं वाजतं. तीन मिलिमीटरच्या पुढे गेलात तर पुन्हा नाली. या फटीत फेल्टची पट्टी लावा.

साचा पत्रेवाल्याला द्या, पण त्यावर "वरची बाजू" असं मोठ्या अक्षरात लिहून द्या. डावं-उजवं उलटं कापून आलेला पत्रा माझ्याकडे अजून आहे. चुकून फिरवला तरी बसेल असं वाटतं, पण बसत नाही, कारण साच्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात.

६. जोडणी

प्लाय साच्यापेक्षा खाचेच्या बाजूने मागे कापा, तुमच्या आर्मच्या गोलाईप्रमाणे किती ते वर आलंच आहे. कडा पॉलिश पेपरने घासून दोन हात पॉलिश द्या, विशेषतः खाचेच्या आतली कड. पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं.

पत्रा प्लायवर अॅडेसिव्हने चिकटवा आणि चार कोपऱ्यांत बुडवलेल्या डोक्याचे स्क्रू मारा. स्क्रूंची डोकी बोटाला लागता कामा नयेत. मग वरून सनमायका. सनमायक्याची कड कानसेने गोलसर करा. चामडं तिच्यावरून रोज शेकडो वेळा सरकणार आहे.

ठोकळे खालून बसवा, चारही कोपऱ्यांत नाही. पुढच्या दोन ठोकळ्यांना तुमच्या पोटाकडून साधारण चार इंच आत घ्या, नाहीतर गुडघे आपटतात. प्रत्येक ठोकळ्याच्या पोटात एम-८ चा नट पक्का बसवा आणि त्यातून बोल्ट खाली काढा, टोकाला रबरी बूट. दुसरा नट बोल्टवरच ठेवा, तो नंतर आवळायचा चेकनट. ठोकळ्याची उंची काढायला प्लेटपासून फळीपर्यंतचं माप घ्या, त्यातून टेबलाची जाडी वजा करा, आणि अजून वीस-पंचवीस मिलिमीटर कमी करा. तेवढं अंतर बोल्ट भरून काढेल.

आता खुंट्या. स्टँडच्या फळीत दोन ८ मिलिमीटरची भोकं पाडून खुंट्या उभ्या करा, एक पुढे उजवीकडे, एक मागे डावीकडे. टेबलाच्या ठोकळ्यात एक भोक गोल आणि दुसरं लांबट ठेवा. दोन्ही गोल ठेवलीत तर पावसाळ्यात प्लाय केसभर वाढला की टेबल खुंट्यांवर अडकून बसेल, काढता येणार नाही. या दोन खुंट्यांमुळेच टेबल रोज त्याच जागी येतं. नुसत्या क्लॅम्पवर भरवसा ठेवलात तर दर वेळी खाच पुन्हा जुळवत बसाल, आणि मग आळसाने टेबल काढणंच बंद कराल. काढलं नाही की सिलिंडर आर्म घेऊन काय केलंत?

आर्मवर नवीन भोक पाडायची वेळ आलीच, तर एकटे करू नका. आर्म बिडाचा असतो, आतून शटलचा दांडा जातो, भिंत कुठे पातळ आहे ते बाहेरून दिसत नाही. एम-६ ला ५ चं ड्रिल, एम-८ ला ६.८ चं, हे खरं, पण हात चुकला की दुरुस्ती नाही. शिवाय बिडाचा काळा भुगा शटलमध्ये गेला तर तो कानसेसारखं काम करतो. पाडायचंच असेल तर शटल काढून ठेवा, तोंडं चिकटपट्टीने बंद करा, भुगा चुंबकाने गोळा करा. मी ते टाळलं आणि आजवर गरज पडली नाही.

७. उंची: इथे घाई करू नका

टेबल प्लेटच्या बरोबरीला हवं असं सगळे सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. टेबल प्लेटपेक्षा अर्धा मिलिमीटर खाली हवं.

कारण ऐका. टेबल जरासं वर आलं तर चामडं दोन्ही बाजूंच्या कडांवर टेकतं आणि मध्ये प्लेटवर खड्डा होतो. फूट त्याला त्या खड्ड्यात दाबतं, दात पकडतात, पण प्रत्येक टाक्याला चामडं खड्ड्यातून ओढावं लागतं. टाके आखूड पडतात, तेही सारखे नाहीत. खाली असेल तर प्लेट किंचित उंचवट्यासारखी राहते आणि दातांची पकड शंभर टक्के. पण एक-दीड मिलिमीटर खाली गेलात तर चामड्याची पुढची कड प्लेटला ठेचकाळते. बिनअस्तराचं पातळ चामडं तर दुमडतंच.

माझं दुसरं टेबल जरासं वर होतं. मला ते कळलं नाही, कारण डोळ्याला दिसत नाही. एका झोळीच्या झाकणावर सुरुवातीला आणि शेवटी टाके पाच मिलिमीटरचे, मध्ये चारच्याही आतले. मी तीन दिवस दोऱ्याचा ताण बदलत बसलो. मशीनवाले काका आले, काही न बोलता झोळी बाजूला ठेवली, टेबलावर तळहात फिरवला आणि म्हणाले, "अहो, हे टेबल आहे की पायरी?"

मापायची पद्धत. चाक हाताने फिरवून दात प्लेटच्या खाली न्या. स्टीलची पट्टी उभी, धारेवर, प्लेटवर ठेवा, तिचं दुसरं टोक टेबलावर. पट्टी आणि टेबल यांच्यातली फट मोजायची. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) नसेल तर झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद घ्या. एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर. पाच कागदांची घडी फटीत सरकावी आणि सहा कागदांची अडावी, इतकं जमलं की झालं. प्लेटच्या पुढे, मागे आणि डावीकडे असं तिन्ही ठिकाणी बघा.

एम-८ च्या बोल्टची एक फेरी म्हणजे सव्वा मिलिमीटर. पाव फेरी म्हणजे ०.३ च्या आसपास. त्यामुळे बोल्ट फिरवताना फेऱ्या मोजा, अंदाजाने घुमवू नका. एक पाय हलला की दुसरा एखादा पाय अधांतरी होतो, हे जेवणाच्या टेबलावर आपण सगळ्यांनी पाहिलंय. आधी तीन पाय जुळवा, चौथा शेवटी नुसता टेकवा.

मग टेबलावर पाच किलोची कणकेची पिशवी ठेवा, डावीकडच्या कोपऱ्यात, आणि पुन्हा मापा. रिकाम्या टेबलावर जुळवलेली उंची वजनाखाली बसते. चार किलोच्या बॅगा शिवत असाल तर वजन ठेवूनच जुळवा. पाणसळ लावायची गरज आहे का? टेबल जमिनीशी नाही, प्लेटशी जुळवायचंय. पाणसळ फक्त स्टँड एका अंगाला झुकलाय का ते बघायला.

सगळं जमल्यावर चेकनट आवळा. आवळताना बोल्ट थोडा फिरतोच, म्हणून आवळून पुन्हा कागद लावा. मी प्रत्येक बोल्टवर आणि नटवर आडवी पांढरी रेघ मारली आहे, मार्करने. रेघ तुटली की समजतं, ढिला झालाय.

एक सूचना: ४४१ च्या मशीनांबरोबर काही उंच प्लेटा मिळतात, हत्यारांच्या म्यानांसाठी आणि अडचणीच्या कामासाठी. त्या लावल्या की टेबलाची उंची बिघडणारच. उंच प्लेट म्हणजे टेबल काढायचं, एवढं लक्षात ठेवा.

८. बॉबिनचं दार

शटल डाव्या टोकाला आहे आणि यूचा बंद भाग नेमका तिथेच येतो. इथे आठ बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून बिजागरीने बसवा, चुंबकाचा कॅच लावा. दार टेबलाच्या वर उघडेल असं ठेवा. खाली पडणारं दार गुडघ्यावर पडतं. कापलेल्या चौकोनाच्या कडा चामड्याच्या वाटेला आडव्या येतात, त्या अगदी गुळगुळीत करा आणि दाराचं तोंड टेबलाच्या केसभर खाली ठेवा.

दाराशिवायही चालतं असं सांगणारे भेटतील. जाड दोऱ्याची बॉबिन किती लवकर संपते ते त्यांना विचारा. २७७ नंबरचा दोरा घातला की ढोलाच्या पट्ट्यांच्या एका दिवसात मी कितीतरी वेळा बॉबिन बदलतो. दर वेळी टेबल काढायचं म्हटलं तर दुपारपर्यंतच कंटाळा येईल. दाराचा आणखी एक उपयोग म्हणजे शटलची साफसफाई होते. एकदा खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी मशीन खडखडायला लागलं, दार उघडलं तर शटलमध्ये झेंडूची पाकळी. तेव्हापासून हार चाकाला घालतो.

९. चाचणी

लहान पट्टीवर चाचणी घेऊ नका. पट्टीला ओढच नसते, ती कुठल्याही टेबलावर सुरेख चालते. कामातला खरा, मोठा, जड तुकडा घ्या.

टाका ५ मिलिमीटरवर ठेवा. टेबल काढून वीस टाके मारा, पट्टीने मोजा. लांबी शंभर मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. टेबल लावून त्याच तुकड्यावर, तेवढ्याच वेगाने पुन्हा वीस. माझ्या जुन्या टेबलावर ९९ चे ९३ झाले होते. आताच्यावर फरक पट्टीवर वाचता येत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर उंची परत बघा. उंची बरोबर असूनही फरक येत असेल तर पृष्ठभाग तपासा. चामड्याची खडबडीत बाजू खाली असेल तर सनमायक्यावर मेणाचा हलका हात फिरवा. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. तो चामड्याला लागला की नंतर कडेचा रंग धरत नाही.

आवाजही ऐका. हळू वेगात टकटक आणि वेगात खडखड असेल तर फेल्टची पट्टी कुठेतरी सुटली आहे. कोपऱ्यात हात दाबून धरा, आवाज थांबला तर तोच पाय ढिला.

१०. काढणं आणि ठेवणं

दाराचा कॅच बंद, फूट वर, सुई सगळ्यात वर. मग टेबल दोन्ही हातांनी सरळ वर उचला, खुंट्यांच्या बाहेर आलं की डावीकडे ओढा. तिरकं ओढलंत तर पत्र्याचा ओठ प्लेटला घासतो आणि प्लेटवर चरा पडतो. तो चरा पुढच्या प्रत्येक चामड्याच्या पाठीवर उमटतो. मला हे आता एक मिनिटही लागत नाही. पहिल्या महिन्यात दहा लागायची.

टेबल भिंतीला तिरकं टेकवून ठेवू नका. एका पावसाळ्यात कमान धरते आणि मग पाच कागदांचा हिशोब संपला. दोन खुंट्यांवर टांगा, किंवा सपाट आडवं ठेवा. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा लागताना आणि एकदा संपल्यावर, कागद लावून उंची तपासा. माझ्या टेबलाच्या खुंट्या मी प्लगच्या बरोबर वर मारल्यात. टेबल घ्यायला हात गेला की आधी प्लग दिसतो.